माझा काटा आणि देवाची पालखी

रंग मोजणे एवढेच मला येते, मित्रांनो. मला रोग ओळखता येत नाही, औषध देता येत नाही, आणि कोणाच्या कपाळावर हात ठेवून धीर देणे तर मला जन्मात जमणार नाही. म्हणून माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे काही आहे की नाही, याची मला बरीच वर्षे शंका होती. अजूनही थोडी आहेच. पण एका शिमग्यात माझ्यामुळे एक माणूस फार घाबरला आणि मग माझ्याच साक्षीने तो निर्धास्त होऊन घरी गेलाही. ती हकिगत आठवली की वाटते, सांगून पाहावे.

मी एक जुना कलरीमीटर आहे. कलरीमीटर म्हणजे रंग किती गडद आहे ते मोजणारे यंत्र. दिसायला मी अगदी साधा, करड्या पत्र्याची पेटी, शिवणयंत्राच्या झाकणाएवढी. माझ्या पोटात एक छोटा दिवा आहे. दिव्यासमोर रंगीत काच, काचेपुढे काचेची नळी उभी करायला एक भोक, आणि नळीच्या मागे प्रकाश ओळखणारी एक चकती. नळीतला द्रव जितका गडद, तितका प्रकाश अडतो आणि तितका माझा काटा पुढे सरकतो. माझी सगळी विद्या ती एवढीच.

माझा जन्म दूर उत्तरेकडे, अंबाल्याच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथे एक म्हातारे कारागीर डोळ्याला भिंग लावून बारीक तारा जोडत. माझा काटा त्यांनी बसवला, फुंकर घालून हलवून पाहिला आणि तो शून्यावर परत आला तेव्हा ते मान डोलावून पुढच्या यंत्राकडे वळले. माझे पहिले कौतुक ते. मग मला गवतात गुंडाळून खोक्यात घातले. मुंबईच्या एका दुकानात काही महिने काढले आणि शेवटी एका ट्रकमधून, घाटाघाटांत आदळत, मी रत्नागिरीला पोहोचलो. खोके उघडले तेव्हा गवतावर तांबड्या धुळीचा थर बसला होता.

उघडणारी दोन माणसे होती. एक डॉक्टर माळगे. ते मूळचे सोलापूरकडचे. सरकारी नोकरीत रत्नागिरीला आले, इथलेच झाले आणि पुढे त्यांनी दहा खाटांचा स्वतःचा दवाखाना काढला. अंगाने धिप्पाड, आवाज मोठा, हसणे त्याहून मोठे. दुसऱ्या कमलाताई. त्या मंडणगडकडच्या. त्यांचे वडील सहदेव गुरुजी शाळामास्तर. मुंबईला मामाकडे राहून रक्त तपासण्याचे शिक्षण घेऊन त्या नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी मला कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवले, मऊ फडक्याने पुसले आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ह्याला खिडकीपासून लांबच ठेवू या. आपली हवा खारी. काचेवर बुरशी धरायला वेळ लागायचा नाही."

त्या माझी फार निगा राखत. पावसाळ्यात माझ्याशेजारी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवत, म्हणजे दमट हवा तांदूळ शोषून घेतील. विजेचा दाब कमी-जास्त झाला की माझा काटा पोफळीसारखा डोलू लागे. मग त्या थांबत. घाईने आकडा लिहीत नसत. सुरुवातीची वर्षे साधी गेली. कोणाच्या रक्तातली साखर, कोणाची कावीळ, कोणा लेकुरवाळीचे रक्त कमी. मी काटा हलवत होतो, कमलाताई लिहीत होत्या.

मग दवाखान्यात हृदयाचे रोगी येऊ लागले आणि मला नवे काम मिळाले. ते मी तुम्हाला नीट समजावून सांगेन, निदान प्रयत्न करेन.

हृदय हा एक स्नायू आहे, मित्रांनो. त्याला रक्त मिळाले नाही की त्याच्या काही पेशी मरतात आणि फुटतात. फुटल्या की त्यांच्या आतला माल रक्तात सांडतो. आंब्याची पेटी आपटली तर आतले आंबे दिसत नाहीत. पण फळ्यांमधून रस गळू लागला की किती आंबे फुटले असतील याचा अंदाज येतो. तसेच हे. रक्तात सांडलेला हा माल मोजण्याच्या तपासणीला डॉक्टर सीपीके म्हणत. रक्तातले पिवळसर पाणी वेगळे काढायचे, त्यात औषधे घालायची, नळी अंगाइतक्या कोमट पाण्यात उभी करायची, की शेवटी तिला गुलाबी रंग चढतो. फिका गुलाबी असला तर काळजी नाही. गडद असला तर हृदयाला मार मोठा. डॉक्टर त्यावरून रोग्याचे पुढे कसे होईल याचा विचार करत. पहिल्या दिवशी आकडा किती, दुसऱ्या दिवशी चढला का, तिसऱ्या दिवशी उतरला का, हे ते रोज माझ्यासमोर उभे राहून पाहत.

या कामात मला एकदा मोठी शाबासकी मिळाली. मिरकरवाड्याच्या सोनूबाई मासळी विकत. एकदा पोटाच्या वर, छातीच्या खाली दुखते म्हणून आल्या. घरचे म्हणाले, वाताचे असेल. हृदयाचा आलेख काढला, तोही सरळच दिसत होता. सोनूबाई टोपली उचलून निघाल्याच होत्या. पण त्यांच्या रक्ताने माझा काटा पुढे नेला आणि डॉक्टरांनी त्यांना दारातून परत आणले. दुसऱ्या दिवशी आलेखानेही तेच सांगितले. सोनूबाई दोन आठवड्यांनी चालत घरी गेल्या. त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. काटा थरथरला आणि कमलाताई त्यांच्यावर रागावल्या.

तेव्हापासून डॉक्टरांचा माझ्यावर फार विश्वास. मला मात्र तो विश्वास कधी पेलला नाही. कारण गुलाबी रंग मला दिसतो, तो कुठून आला ते दिसत नाही. सीपीके काही फक्त हृदयात नसते. ते दंडात असते, मांडीत असते, छातीवरच्या मांसात असते. डॉक्टरांना हे माहीत होते. म्हणून ते प्रत्येक रोग्याला आधी विचारत, "काही ओझं उचललंत का? अंगमेहनत केलीत का?" रोगी जे सांगेल त्यावर ते पुढचा हिशेब मांडत.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमाराचा तो शिमगा. गावोगाव ढोल घुमत होते. हातखंब्याच्या आतल्या एका गावातून हरिश्चंद्र नावाच्या माणसाला जीपमधून आणले. चाळिशी ओलांडलेला, रुंद चेहऱ्याचा, पोट किंचित सुटलेला. तो मुंबईत मोठी बस चालवत असे आणि शिमग्याला गावी आला होता. बरोबर त्याची बायको गोदा.

आमची प्रयोगशाळा आणि तपासणीची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची अर्धीच भिंत होती. त्यामुळे पलीकडचे सगळे मला ऐकू येई.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारले.

"काल सकाळी उठलो तो छातीवर कुनी बसलंय असं वाटलं. डावा हात वर जात नाय."

"घाम आला?"

"घाम तर ह्या दिवसांत बसल्या जागी येतो, डॉक्टर."

"काही ओझं उचललंत? लाकडं, पाण्याचं पिंप, धोंडे?"

"नाय ओ! सुट्टीला आलोय. चाकरमान्याला गावात कोन काम सांगतंय? पाटावर बसायचं आनि जेवायचं."

"खरंच, डॉक्टर," गोदा म्हणाली. "हिरीवरनं एक कळशी आनू दिली नाय आमी त्यांना. दारात बसून पेपर वाचत व्हते."

डॉक्टरांनी छाती दाबून पाहिली. दाबल्यावर दुखत होते. पण दाबून दुखते म्हणजे हृदय ठीकच आहे, असे खात्रीने म्हणता येत नाही. आलेख काढला. त्यात एके ठिकाणी रेषा किंचित खाली उतरलेली होती. ती पूर्वीपासूनची की कालची, हे कोणाला सांगता येईना. गावच्या डॉक्टरांनी कमरेत एक सुई टोचली होती. तिच्यामुळे आकडा थोडा वाढू शकतो, हे डॉक्टरांनी कमलाताईंना आठवणीने सांगितले. मग रक्त माझ्याकडे आले.

नळी माझ्यात उभी केली आणि मित्रांनो, मी दचकलो. इतका गडद गुलाबी रंग मी त्याआधी पाहिला नव्हता. काटा सोनूबाईंच्या आकड्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबला. कमलाताईंनी पुन्हा सगळे केले. काटा तिथेच.

डॉक्टर आले, वाकून पाहू लागले. "यंत्र बिघडलं की काय?"

मला तर वाटलेच की माझेच काहीतरी चुकले. दिवा जुना झाला असेल, काच मळली असेल. मी स्वतःवर फार लवकर संशय घेतो. कमलाताई तशा नाहीत. त्यांनी साधे पाणी घालून पाहिले, काटा शून्यावर आला. मग स्वतःच्याच दंडाला पट्टी बांधून रक्त काढले आणि ते तपासले. फिका, शांत गुलाबी रंग.

"यंत्र बरोबर आहे, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते पलीकडे गेले. त्यांचा मोठा आवाज लहान झाला होता. "हे बघा हरिश्चंद्रराव, आकडा फार मोठा आला आहे. हृदयाला मोठा धक्का बसलेला दिसतो. पाच-सहा दिवस पडून राहायचं. आणि नंतर..."

"नंतर काय?"

"नंतर बस चालवता येणार नाही. पन्नास माणसं पाठीमागे बसतात. हृदयाचा झटका आलेल्या माणसाच्या हाती स्टेअरिंग देत नाहीत."

मग हरिश्चंद्र हळूच म्हणाला, "डॉक्टर, जेवू नको म्हना, जेवनार नाय. पन स्टेअरिंग काढू नका. मला दुसरं काय येत नाय. डेपोत टेबलाशी बसवलं तर मी तिथंच मरंन."

मला दुसरे काही येत नाही, हे वाक्य ऐकून मला भिंतीपलीकडच्या त्या माणसाविषयी एकदम जवळीक वाटली. आणि त्याचे स्टेअरिंग काढून घेणारा आकडा माझाच होता. त्या दिवशी कोणी मला माझी हकिगत सांग म्हटले असते, तर मी ती विसरून जाणेच पसंत केले असते.

गोदाने पदर तोंडाला लावला. त्यांच्या घरी चार दिवसांनी देवाची पालखी यायची होती. पालखी दारात येते तेव्हा घरच्या माणसाने तिला सामोरे जायचे असते. तेही आता होणार नव्हते.

पण एक गोष्ट डॉक्टरांना बोचत होती. संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन कमलाताईंना म्हणाले, "आकडा सांगतो माणूस लई गंभीर आहे. नाडी चांगली, रक्तदाब चांगला, श्वास चांगला. आणि माणूस मला विचारतो, दवाखान्यात बांगड्याचं कालवण मिळतं का!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्राचे चुलते भागोजीकाका आले. पांढरे धोतर, पांढऱ्या मिशा आणि मिशांत अजून अडकलेला गुलाल. बरोबर पुरणपोळ्यांचा डबा घेऊन त्यांचा पुतण्या रघू, पंचविशीतला, दांडगा. हरिश्चंद्राचे दुसरे रक्त नुकतेच माझ्याकडे आले होते. काटा अजूनही तसाच पुढे होता. डॉक्टर आकडा पाहायला आत उभे होते आणि भागोजीकाका प्रयोगशाळेच्या दारात येऊन टेकले.

"ताई, आमच्या हरीचं काय निघालं?"

"डॉक्टर सांगतील हो, काका."

"सांगतील तवा सांगतील. पन मी तुमाला सांगतो, त्याचं काळीज कमजोर? शक्यच नाय! तेरवा सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, यानं पालखी नाचवली, दोन वाड्यांची मान्सं बगत ऱ्हायली. वरच्या वाडीचे दोघं दमून खाली बसले नि आमचा हरी आपला नाचतोय. दांडा खांद्यावरनं छातीवर, छातीवरनं तळहातावर! ढोलवाले थकले, हा नाय थकला. आनि म्हने काळीज कमजोर."

डॉक्टरांनी माझ्यावरची नजर काढली. "काय म्हणालात? कोण नाचलं?"

"हरी. दुसरं कोन?"

"पालखी घेऊन?"

"पालखी घेऊनच नाचतात, डॉक्टर. तुमच्याकडं कशी नाचतात, मोकळ्या हातानं?"

डॉक्टर सोलापूरचे. शिमग्याची पालखी त्यांनी रस्त्यावरून लांबूनच पाहिलेली. कमलाताईंनाही ती तशी अपरिचितच. त्या म्हणाल्या, "आमच्या वाडीत पालखी नसते, डॉक्टर. आमचा ढोल पुढच्या महिन्यात, चौदा एप्रिलला."

"काका," डॉक्टरांनी विचारले, "ही पालखी जड असते का?"

भागोजीकाकांनी एकदम हात जोडले आणि वर पाहिले. "असं तोंडातून काढू नये. देवाची पालखी जड कशी असंल? फुलासारखी असते. मान असला की फूल."

"बरं, फूल. हे फूल उचलायला किती माणसं लागतात?"

"नाचवायला दोघं," रघू उत्साहाने पुढे आला. "सहाणेवर चढवायला चार. देवळाच्या दारातनं काढताना सहा पन पुरत नाय, गेल्या साली माझा अंगठा—"

"रघ्या!" काका ओरडले.

कमलाताई तोंड फिरवून हसू लागल्या. डॉक्टर मात्र कधीच प्लायवूडच्या पलीकडे पोहोचले होते. त्यांचा आवाज पुन्हा मोठा झाला होता.

"हरिश्चंद्रराव, पालखी नाचवलीत?"

"व्हय की." त्याच्या आवाजात अभिमान होता. "दुपार कलली तरी खाली नाय ठेवली."

"मग मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी कुठं पालखीचं विचारलंत? तुमी ओझं विचारलं. पालखी म्हंजे काय ओझं हाय?"

"आनि कुठल्या तोंडानं सांगायचं?" गोदा मध्येच म्हणाली. "देव घरी यायचा हाय, नि आमी म्हनायचं का, तुज्यापायी दुखलं म्हनून?"

मग डॉक्टरांनी असे हसायला सुरुवात केली की ओट्यावरच्या नळ्या किणकिणल्या. वर्षभर बसच्या खुर्चीत बसलेला माणूस एका दुपारी एवढे वजन छातीवर नाचवतो. छातीचे, खांद्यांचे, दंडाचे सगळे स्नायू आंबणार, फाटणार, आणि त्यांचा माल रक्तात सांडणार. कोणी खोटे बोलले नव्हते. जे उचलताना आनंद होतो त्याला या माणसांनी कधी ओझे म्हटलेच नव्हते.

पण डॉक्टर सावध होते. हसणे आवरून ते कमलाताईंना म्हणाले, "थांबा. मेहनतीच्या भरात हृदयाचा झटकाही येऊ शकतो. पालखी सापडली म्हणून झटका आला नाही असं होत नाही. हृदयाच्या स्नायूचा वाटा निराळा मोजणारी तपासणी मोठ्या शहरांत निघाली आहे, आपल्याकडे ती नाही. मग काय करायचं?" आणि त्यांची नजर रघूवर गेली. "तुम्ही नाचलात का?"

"हरीदादाच्या जोडीला दुसऱ्या टोकाला मीच व्हतो."

"छातीत दुखतं?"

"छातीत नाय. अंग आंबलंय जरा."

"बसा इथे. रक्त द्या."

दोन वाड्यांसमोर पालखी नाचवणारा रघू सुई पाहून पांढरा पडला. "डॉक्टर, पालखी द्या, रात्रभर नाचवतो. पन सुई नको!"

"बस गप," भागोजीकाका म्हणाले. "दादाच्या बसचा प्रश्न हाय. माझं पन घ्या, डॉक्टर."

"तुम्ही नाचलात?"

"मी गुलाल उधळला."

"मग तर घेतोच. न नाचलेला माणूसही पाहिजे."

रघूने डोळे मिटून, दात आवळून हात पुढे केला. तो पोळ्यांचा डबा मांडीवर तसाच घेऊन बसला होता. मग बराच वेळ सगळे वाट पाहत राहिले. नळ्या कोमट पाण्यात उभ्या होत्या. गोदाही प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. ती माझ्याकडे एकटक पाहत होती. माझ्याकडे इतक्या आशेने पूर्वी कोणी पाहिले नव्हते. मित्रांनो, मला पाय असते तर मी तिथून पळून गेलो असतो.

आधी भागोजीकाकांची नळी आली. फिकी. काटा जेमतेम हलला.

"एवढाच?" काका नाराज झाले. "म्हंजे माझ्यात दम नाय?"

"तुम्ही एकदम ठणठणीत आहात, काका."

मग कमलाताईंनी रघूची नळी उचलली. ती माझ्यात यायच्या आधीच सगळ्यांना रंग दिसला. गडद, भरभरून गुलाबी. हरिश्चंद्राच्या नळीशेजारी धरली तर कोणती कोणाची हे सांगता येऊ नये अशी. मी काटा पुढे नेला. त्या दिवशी तो मी किती आनंदाने नेला म्हणून सांगू!

"बघा!" डॉक्टर गरजले. "हे पोरगं आता इथे बसून तिसरी पोळी खातंय. ह्याचं हृदय बैलासारखं आहे. आणि आकडा बघा!"

"म्हंजे हरीचं काळीज?" काकांनी विचारले.

"अजून दोन दिवस थांबू या. आलेख रोज काढतो. तो बदलला नाही आणि आकडा उतरला, की मी लिहून देतो."

आलेख बदलला नाही. जी रेषा किंचित खाली होती ती तशीच, हलली नाही, वाढली नाही. ती त्याची जन्मापासूनचीच असावी, असे डॉक्टर म्हणाले. हरिश्चंद्राचा हात खांद्यापर्यंत जाऊ लागला, मग डोक्यापर्यंत. शेवटच्या दिवशीचे रक्त माझ्याकडे आले तेव्हा तो स्वतःच प्रयोगशाळेत आला. "मला बगायचंय," तो म्हणाला. "आयुष्यभर काट्याकडं बगूनच गाडी चालवतोय. माझा काटा मला बगू द्या."

तो माझ्यासमोर वाकला. त्याच्या श्वासाने माझी काच धूसर झाली. कमलाताईंनी ती पुसली आणि नळी ठेवली. रंग बराच फिकट झाला होता. काटा जरासा हलला आणि डावीकडेच थांबला.

हरिश्चंद्राने काट्यावरून नजर न हलवता विचारले, "एवढ्यावर गाडी चालवता येते?"

"बसा गाडीत," डॉक्टर म्हणाले. "पण पुढच्या शिमग्याला येण्याआधी महिनाभर रोज व्यायाम करायचा. आणि आणखी एक. ह्यापुढे छातीत दुखलं तर पालखीचं नाव सांगून घरी बसायचं नाही. सरळ इथे यायचं. पालखी आहे की हृदय आहे, ते आम्ही ठरवू."

"आनि मी सगळं सांगंन," हरिश्चंद्र म्हणाला. "जे जे उचललं ते सगळं."

गोदाने माझ्या पत्र्यावर हलकेच हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. मग ती मंडळी गेली. पालखी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात आली. हरिश्चंद्राने ती खांद्यावर घेतली नाही, नुसता सामोरा गेला आणि उंबऱ्यात उभा राहून नारळ दिला, असे रघूने नंतर येऊन सांगितले. शेवटपर्यंत त्याचे खांदे ढोलाबरोबर हलत होते म्हणे आणि गोदाने त्याचा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला होता.

पुढच्या वर्षी एक गंमत झाली. शिमगा संपला आणि रघू पाच-सहा तरुणांना घेऊन आला. सगळ्यांच्या बाह्या वर. आता म्हणे गावात वाद लागला आहे, कोणी जास्त नाचवली. भागोजीकाकांचे म्हणणे, यंत्राला विचारा. ज्याचा आकडा मोठा तो खरा नाचणारा! डॉक्टरांनी त्यांना हसत हसत हाकलून दिले. हरिश्चंद्र मात्र त्या सुट्टीत काही दिवस आधीच आला होता आणि सकाळी सकाळी गावच्या माळावर धावायचा, असे रघूने सांगितले. त्याची बस मुंबईत चालूच होती.

दवाखान्यातही एक गोष्ट बदलली. "ओझं उचललंत का?" हा प्रश्न डॉक्टरांनी सोडून दिला. आता ते विचारत, "होडी ओढलीत का? माडावर चढलात का? लग्नात वऱ्हाडाच्या ट्रंका उतरवल्यात? देवासाठी काही केलंत? मुलांना पाठीवर घेऊन घोडा घोडा केलंत?" माणसे हसत आणि हसता हसता सगळे सांगून टाकत. माझे काम त्यामुळे सोपे झाले. माझा आकडा एकटा पडेनासा झाला.

काही वर्षांनी नवे यंत्र आले. त्याला काटा नाही. त्यावर लाल आकडे उमटतात. मला कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. वाईट वाटले, नाही असे नाही. पण नवे यंत्र आल्याच्या दिवशी कमलाताई एका नव्या मुलीला शिकवत होत्या, तेव्हा मी वरून ऐकले. त्या म्हणाल्या, "हे चांगलं यंत्र आहे. पण आकडा मोठा आला की आधी उठायचं, रोग्याजवळ जायचं आणि गप्पा मारायच्या." ते ऐकून मला वाटले, माझे तिथे काहीतरी शिल्लक राहिले आहे.

मित्रांनो, मी रंग मोजणारा. मला उपदेश करता येत नाही आणि केला तर तो बरोबर असेल याची खात्री नाही. तरी एवढे मागतो. तुमच्यापैकी कोणी पुढे डॉक्टर होईल, कोणी रक्त तपासेल. आमच्यासारख्या यंत्रांच्या काचा पुसा, दमट हवेपासून त्यांना जपा आणि त्यांनी सांगितलेले ऐका. पण तेवढ्यावर थांबू नका. ज्याचे रक्त आहे त्यालाही ऐका. आणि जे डॉक्टर होणार नाहीत त्यांनी, डॉक्टरांनी विचारले की, सगळे सांगा. जे कष्टाने उचलले ते तुम्हाला आठवेलच. जे हौसेने उचलले तेही आठवून सांगा.